झिल-१५७ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या बाहेरच्या खोलीत कपाटावर प्लॅस्टिकचा एक हिरवा सहाचाकी ट्रक उभा आहे, मापाने १:३५. घरी आलेला माणूस चहा येईपर्यंत त्याच्याकडे बघत बसतो आणि शेवटी विचारतो, "शक्तिमान ना हा?" नाही. शक्तिमान जबलपूरच्या कारखान्यात बनायचा आणि त्याचं मूळ जर्मनीच्या मॅन कंपनीकडे जातं. हा मॉस्कोचा झिल-१५७, सोव्हिएत सैन्याचा ट्रक.

त्यानंतरचे प्रश्नही आता ठरलेले आहेत. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. उत्तरं सारख्या मापाची नाहीत. चाकांचा विषय निघाला की मी लांबतो, घरचेही त्याला कंटाळलेत.

झिल म्हणजे काय? उच्चार कसा करायचा?

"माझा" मधला झ, "माझी" मधला नव्हे. रशियन भाषेत ही तीन आद्याक्षरं आहेत आणि त्यांचा अर्थ "लिखाचोव्हच्या नावाचा कारखाना". इवान लिखाचोव्ह हे या कारखान्याचे अनेक वर्षं संचालक होते. १९५६ साली ते वारले आणि त्याच वर्षी कारखान्याला त्यांचं नाव मिळालं. त्याआधी तिथे स्टालिनचं नाव होतं, म्हणून जुन्या गाड्या "झिस". झिस-१५१ आणि झिल-१५७ हे वेगवेगळ्या कंपन्यांचे ट्रक आहेत असं पुष्कळांना वाटतं. कारखाना एकच, पाटी बदललेली. कारखाना मूळचा १९१६ चा, तेव्हाचं त्याचं नाव आमो.

किती वर्षं बनला?

१९५८ पासून. मॉस्कोत बराच काळ, आणि सत्तरचं दशक संपता संपता काम हळूहळू उरल भागातल्या नोवोउराल्स्कच्या कारखान्याकडे गेलं. तिथे तो नव्वदच्या दशकापर्यंत बनत होता, म्हणजे ज्या देशाच्या सैन्यासाठी तो काढला तो देश नकाशावरून गेल्यावरही. एकूण आकडा साधारण आठ लाखांच्या घरात जातो. मधे १९६१ साली "के" खुणेची सुधारित आवृत्ती आली आणि १९७८ च्या सुमारास "केडी". बाहेरून बघून फरक कळत नाही, फरक क्लच-गिअरबॉक्समधला.

अमेरिकन स्टुडबेकरची नक्कल आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला "हो" ऐकायचं असतं. पण उत्तर इतकं सरळ नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सोव्हिएत संघाला ट्रक पुरवले. त्यात स्टुडबेकर यूएस-६ एक लाखाहून जास्त होते. अडीच टनी, तीन एक्सलचा, चिखलातून निघणारा ट्रक. रशियन ड्रायव्हरांचा त्याच्यावर जीव होता. १९४३ पासून कात्युशा रॉकेटांचे सांगाडे त्याच्याच पाठीवर चढवले जात. युद्ध संपल्यावर लष्कराला तसाच ट्रक घरचा हवा होता. त्यामुळे तीन एक्सल, मागच्या दोन्ही एक्सलना वेगवेगळा प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद एक्सलपर्यंत नेणारा फिरता दांडा), दोन गतींची ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सकडून आलेली ताकद पुढच्या-मागच्या एक्सलना वाटणारी पेटी) ही मांडणी तिकडूनच आली.

इंजिन मात्र स्टुडबेकरचं नाही. त्याची कुळकथा आणखी जुनी आहे. सिलिंडरचा व्यास १०१.६ मिलिमीटर, पिस्टनची धाव ११४.३ मिलिमीटर. मेट्रिक मापं वापरणाऱ्या देशात असले आकडे कुठून आले? इंचात बघा : चार इंच आणि साडेचार इंच. तिसच्या दशकाच्या सुरुवातीला या कारखान्याने ऑटोकार या अमेरिकन ट्रकवरून आपला ट्रक उभा केला, त्यात हर्क्युलिसचं इंजिन होतं. पुढे झिस-५ साठी तेच वाढवून साडेपाच लिटरचं केलं. नंतर त्यात बदल होत राहिले, पण भोकाचं आणि धावेचं माप १९३३ चं ते १५७ मध्येही तसंच राहिलं. गंमत म्हणजे स्टुडबेकर यूएस-६ मध्येही इंजिन हर्क्युलिसचंच होतं. म्हणजे दोघे सख्खे भाऊ नाहीत, पण आजोळ एक.

मग युद्धानंतर लगेच झिल-१५७ का नाही निघाला? मधली दहा वर्षं काय केलं?

मधली दहा वर्षं झिस-१५१ होता, १९४८ ते १९५८. १५७ समजायचा तर आधी तो समजून घ्यावा लागतो.

झिस-१५१ ला मागे जोडचाकं होती, आपल्या मालट्रकला असतात तशी. पुढे दोन टायर, मागे आठ, एकूण दहा. डांबरी रस्त्यावर ओझं वाहायला ही मांडणी उत्तमच. पण हा ट्रक डांबरी रस्त्यासाठी नव्हता. रशियात वसंतात बर्फ वितळतो आणि पावसाळी शरद येतो, तेव्हा कच्च्या रस्त्यांचा लगदा होतो. या दिवसांना त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, रास्पुतित्सा. आपल्याकडे जुलैत काळ्या मातीच्या शिवारात ट्रॅक्टरची ट्रॉली घातलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागणार नाही.

आता बैलगाडीची चाकोरी आठवा. पुढच्या गाडीने पाडलेल्या चाकोरीतून मागची गाडी सुखाने जाते, कारण चाकांमधलं अंतर सारखं. ट्रकचंही तेच. पुढचं चाक चिखल दाबून चाकोरी पाडतं, आणि मधलं नि मागचं चाक त्याच दाबलेल्या पट्ट्यावरून गेलं तर इंजिनाची ताकद वाचते. जोडचाक त्या चाकोरीत मावत नाही. ते स्वतःची नवी, रुंद चाकोरी पाडतं, तीही दोनदा, कारण मागे एक्सल दोन. शिवाय जोडचाकांच्या फटीत चिखल ठासून बसतो, नाहीतर दगड अडकतो. जोडचाकातला दगड काय करतो ते कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा.

त्यात वजन साडेपाच टन आणि इंजिन फक्त ९२ अश्वशक्तीचं. ज्याची जागा घ्यायची त्या स्टुडबेकरच्या मागे हा चिखलात पडायचा. ड्रायव्हरांनी नाव ठेवलं "उत्यूग", म्हणजे कपड्यांची इस्त्री. जड, आणि जमिनीला चिकटून चालणारी.

वाईट याचं वाटतं की एकेरी चाकांचा नमुना सुरुवातीलाच तयार होता, चाचणीत तो बरा चाललाही होता. तरी पसंती जोडचाकांना मिळाली. एक फुटलं तर दुसरं आहे, हा विचार वरच्या लोकांना पटला असावा. ऑफिसात बसून तो पटतोही.

झिल-१५७ मध्ये असं काय नवं केलं?

दोन गोष्टी, आणि दोन्ही चाकांत.

पहिली, मागची जोडचाकं काढली. सहाही चाकं एकेरी, रुंद, १२.००-१८ मापाची. पुढच्या आणि मागच्या चाकांचा माग एकाच रेषेत.

दुसरी, ड्रायव्हरला केबिनमध्ये बसल्या बसल्या, गाडी चालू असताना, प्रत्येक टायरची हवा कमी-जास्त करता येऊ लागली. युद्धकाळातल्या अमेरिकन डक या पाण्यावर नि जमिनीवर चालणाऱ्या गाडीत ही युक्ती होती. सोव्हिएत इंजिनिअरांनी ती आधी आपल्या तरंगत्या गाडीत वापरली आणि मग बीटीआर-१५२ या चिलखती गाडीत. तिथे सुरुवातीला हवेच्या नळ्या बाहेरून, मडगार्डखालून चाकापर्यंत यायच्या. झाडोऱ्यातून जाताना त्या तुटत. १५७ मध्ये नळी आतून नेली : एक्सलच्या टोकाला हवा आत घेणारी जागा, तिथे रबरी सील, पुढे एक्सलमध्येच पाडलेलं भोक, हबमधून बाहेर, आणि शेवटी रिमवरच्या एका छोट्या कॉकमधून टायरमध्ये. केबिनमध्ये सहा चाकांचे सहा कॉक, एक मुख्य व्हॉल्व्ह आणि एक प्रेशरचा काटा. हवा पुरवायला इंजिनवरचा कॉम्प्रेसर, तोच जो ब्रेकलाही हवा देतो.

त्याच वर्षी, १९५८ मध्ये, ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात या ट्रकला ग्रँड प्रिक्स मिळाला. बॉनेट तेव्हाही जुनाट दिसत होतं आणि इंजिन तर आजोबांच्या काळातलं. बक्षीस मिळालं ते कशामुळे, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

हवा कमी केली तर ट्रक आणखी रुतणार नाही का?

हा मला सर्वांत आवडणारा प्रश्न.

दिवेआगरच्या किनाऱ्यावर माझ्या मावसभावाची जीप रुतली होती. भरती यायला तास-दीड तास. तो गिअर टाकतोय, एक्सलरेटर दाबतोय, चाकं जागेवर फिरून वाळू उपसतायत. आम्ही चौघं मागून ढकलतोय आणि तोंडात वाळू जातेय. तेवढ्यात गावातला एक मुलगा सायकल टेकवून आला, म्हणाला, "काका, आधी हवा सोडा." आम्हाला वाटलं थट्टा करतोय. त्याने काडेपेटीतली काडी काढली, वॉल्व्हची पिन दाबून धरली आणि सुसू आवाज करत चारही चाकं निम्म्यावर आणली. टायर खालून पसरले. जीप पहिल्या गिअरमध्ये, काही न घडल्यासारखी, वर आली. मग गावातल्या पंक्चरवाल्यापर्यंत आम्ही दहाच्या वेगाने गेलो, हवा भरायला.

झिलमध्ये तो मुलगा, ती काडी आणि तो पंक्चरवाला, तिघेही केबिनमध्ये बसवलेत.

हिशेबच करायचा तर असा. अडीच टन माल भरल्यावर ट्रकचं वजन साडेआठ टनांच्या आसपास जातं, म्हणजे एका चाकावर १४०० किलो धरा. टायरमध्ये रस्त्यावरचा दाब, साडेतीन किलो दर चौरस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत ५० पौंड. १४०० ला साडेतीनने भागलं की ४०० चौरस सेंटिमीटर : वीस बाय वीसचा तुकडा, एक छोटी फरशी. चाक एवढ्याच जागेवर टेकतं. आता हवा ०.७ वर आणा, म्हणजे १० पौंड. टेकणारी जागा कागदावर पाचपट होते, २००० चौरस सेंटिमीटर. टायरच्या कडा कडक असतात म्हणून प्रत्यक्षात एवढी वाढत नाही, पण वाढते ती लांबीच्या दिशेने, आणि टायरच्या नक्षीचे जास्त दात मातीत बसतात. जमिनीवरचा दाब उतरला की चाक आत जायचं थांबतं.

किंमत द्यावी लागतेच. एवढ्या कमी हवेवर वेग बैलगाडीच्या जवळपासचा, नाहीतर टायर तापून आतून फाटतो. कडक रस्त्यावर आलात की हवा परत भरायची, आणि सहा मोठे टायर एका कॉम्प्रेसरने भरायचे म्हणजे बिडी ओढून होते. शिवाय ते रबरी सील झिजतात. म्हणून गाडी बराच वेळ उभी करायची असेल तेव्हा ड्रायव्हर खाली उतरून सहाही चाकांवरचे कॉक हाताने बंद करायचा. विसरला तर सकाळी ट्रक एका अंगावर कललेला.

टायरला गोळी लागली तर?

एखादं लहान भोक पडलं तर कॉम्प्रेसर आत हवा ढकलत राहतो आणि गाडी मुक्कामापर्यंत पोचते. लष्कराला या व्यवस्थेत रस होता त्याचं हेही एक कारण. टायरच चिरला तर मात्र स्टेपनी. ती हौद्याखाली टांगलेली असते, एकच. झिस-१५१ ला केबिनच्या मागे दोन उभ्या असायच्या.

इंजिन किती ताकदीचं? डिझेल की पेट्रोल?

पेट्रोल. सरळ रांगेत सहा सिलिंडर, ५.५५ लिटर, सुरुवातीला १०४ आणि नंतर ११० च्या आसपास अश्वशक्ती. व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, ब्लॉकमध्ये बाजूला. जुन्या विलीज जीपचं इंजिन ज्यांनी उघडलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. कॉम्प्रेशन इतकं कमी की ६६ ते ७२ ऑक्टेनच्या पेट्रोलवर निभायचं. आजच्या पंपावर तेवढं हलकं पेट्रोल मिळणारही नाही.

आज आपल्याकडच्या मधल्या आकाराच्या मोटारीला एवढी अश्वशक्ती असते आणि तिला पाच माणसं ओढायची असतात. याला साडेआठ टन. म्हणून सगळा खेळ गिअरचा : पाच गिअर, त्याला दोन गतींची ट्रान्सफर केस, म्हणजे पुढे जायला दहा पर्याय. सपाट रस्त्यावर ६०-६५ च्या वर जात नाही. जायची गरजही नव्हती.

अ‍ॅव्हरेज किती देतो?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचे लोक विचारतात आणि मला त्याचा अभिमान आहे. शंभर किलोमीटरला ४२ लिटर, तेही सावकाश, ३०-४० च्या वेगाने. म्हणजे लिटरला जेमतेम अडीच किलोमीटर. चिखलात त्याहून खाली. टाक्या दोन, १५० आणि ६५ लिटरच्या.

चालवायला कसा?

जड. स्टेअरिंगला हायड्रॉलिकची मदत नाही आणि पुढे रुंद टायर, त्यातही हवा कमी. चाक खड्ड्यात आपटलं की स्टेअरिंग उलटा झटका देतं. म्हणून अंगठा आत न घालता वरून पकडायचं, ही पहिल्या दिवसाची शिकवण. इंजिनाला हँडल मारतानाही हीच : चारही बोटं आणि अंगठा एकाच बाजूला, नाहीतर हँडल उलटलं की मनगट गेलं.

केबिनमध्ये दांड्यांची गर्दी. गिअरचा एक, ट्रान्सफर केसचा एक, पुढचा एक्सल जोडण्याचा एक, हँडब्रेक, आणि पुढे विंच असेल तर तिचाही. यात एक शहाणपण केलेलं आहे : पुढचा एक्सल जोडल्याशिवाय कमी गती पडतच नाही. नाहीतर सगळा जोर मागच्या दोन एक्सलवर येऊन ते मोडतील.

मागच्या दोन एक्सलना फिरवायला प्रोपेलर शाफ्ट कसे नेलेत ते खाली वाकून बघण्यासारखं आहे. ट्रान्सफर केसमधून एक सरळ मधल्या एक्सलला जातो. दुसरा मधल्या एक्सलच्या डोक्यावर बसवलेल्या बेअरिंगपर्यंत, आणि तिथून तिसरा शेवटच्या एक्सलला. गिअरबॉक्सकडून येणारा आणि पुढच्या एक्सलचा धरून पाच शाफ्ट. प्रत्येकाला दोन क्रॉस, म्हणजे टोकाचे वाकते सांधे, प्रत्येक क्रॉसला ग्रीस. ग्रीसगन मारणाऱ्या पोऱ्याचा विचार कुणी केला नव्हता. पुढे झिल-१३१ मध्ये मधल्या एक्सलमधूनच आरपार फिरणारा दांडा नेऊन हा पसारा कमी केला.

रशियाच्या थंडीत सुरू कसा व्हायचा?

ब्लोलँपने. खरंच. इंजिनाच्या बाजूला एक छोटा बॉयलर आहे, त्याच्या नळकांड्यात पेटता ब्लोलँप लावायचा. बॉयलरमधलं पाणी तापतं, इंजिनाभोवती फिरतं, आणि गरम धूर खालून ऑईलची टाकी शेकतो. पेट्रोलच्या गाडीखाली उघडी ज्वाळा, वर ताडपत्री, आणि सैनिक शेजारी हात शेकतोय. रात्री गाडी उभी करताना रेडिएटर आणि इंजिनातलं पाणी सोडून द्यायचं, सकाळी गरम पाणी ओतायचं. पाणी सोडायला विसरलेल्या ड्रायव्हरला सकाळी फुटलेला ब्लॉक मिळायचा. केबिनमध्ये हीटर मात्र होता, आणि जुना झिस-१५१ चालवलेल्यांना ती चैन वाटली असणार.

लष्करात याचं काम काय होतं?

माणसं वाहणं, तोफा ओढणं, आणि पाठीवर जे चढवाल ते नेणं. कच्च्या रस्त्यावर अडीच टन, पक्क्यावर साडेचार. मागे बंद पेटीसारखी बॉडी बसवली की ती वायरलेसची खोली, वर्कशॉप किंवा प्रयोगशाळा. अग्निशमनाच्या गाड्या झाल्या, घडीचा पूल वाहणाऱ्या झाल्या. कात्युशाची नंतरची एक आवृत्ती, बीएम-१३ एनएम, याच चासीवर होती, आणि बीएम-१४ व बीएम-२४ रॉकेटंही.

पण सर्वांत महत्त्वाचं काम बहुधा एस-७५ क्षेपणास्त्राचं. १ मे १९६० रोजी अमेरिकेचं यू-२ हेरविमान स्वेर्दलोव्स्कजवळ पाडलं गेलं ते याच क्षेपणास्त्राने. जवळजवळ अकरा मीटरचं हे क्षेपणास्त्र पीआर-११ नावाच्या लांब ट्रेलरवर आडवं ठेवून लाँचरपर्यंत न्यायचं, आणि तो ट्रेलर ओढायला झिल-१५७ ची ट्रॅक्टर आवृत्ती. मॉस्कोच्या संचलनांच्या जुन्या फोटोंत क्षेपणास्त्राखाली दबलेला जो बुटका, गोल मडगार्डांचा ट्रक दिसतो तो हाच.

भारतात आला होता का?

एस-७५ भारतीय हवाई दलाने साठच्या दशकात घेतलं. मूळ सोव्हिएत मांडणीत त्याची वाहक गाडी झिल, एवढं सांगून थांबतो.

यावर उपप्रश्न ठरलेला : "आपले ग्रॅड रॉकेटवाले ट्रक झिलच ना?" नाही. बीएम-२१ ग्रॅड मुळात उरल-३७५ वर बसवलेलं. तो मियासच्या कारखान्याचा, आठ सिलिंडरचा, १८० अश्वशक्तीचा आणि पेट्रोल पिण्यात झिललाही लाजवणारा. त्या ग्रॅडच्या पुढची पायरी म्हणून पुण्याच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेने पिनाक हे रॉकेट तयार केलं, ते टाट्रा ट्रकवर बसतं. तेव्हा पुण्याशी नातं जोडायचंच असेल तर ते उरलकडून जोडा.

चिनी "जिएफांग" हाच का?

चुलतभाऊ. चांगचुनच्या पहिल्या मोटार कारखान्यात सोव्हिएत मदतीने १९५६ पासून झिस-१५० चा चिनी अवतार, सीए-१०, बनू लागला. त्याच घरातला सीए-३० म्हणजे झिल-१५७ चं चिनी रूप. सांगाडा तोच, चेहरा वेगळा.

व्हिएतनाममध्ये खुद्द झिलच गेले. हो ची मिन्ह मार्गावर बॉम्बने उखडलेल्या जंगलवाटांवरून रात्री दिवे झाकून ते माल नेत. तिथे त्याचं नाव "झिन बा काऊ", तीन एक्सलचा झिन. युद्धानंतर डोंगरात लाकडाचे ओंडके ओढायला तोच ट्रक राहिला, बॉनेट काढलेला, कधी दुसरंच डिझेल इंजिन बसवलेला.

फोटोत ओळखायचा कसा?

टायर मोजा. मागे जोडचाकं आणि केबिनमागे दोन स्टेपन्या दिसल्या तर झिस-१५१. सहाच टायर, आणि चाकाच्या मधोमधून रिमकडे जाणारी बोटभर नळी दिसली तर १५७. मडगार्ड गोल असतील तर रशियन, कोनेदार असतील तर चिनी. बॉनेट लांब, टोकाला निमुळतं. त्यावरूनच रशियन लोक याला "कोलून" म्हणतात, म्हणजे ओंडके फोडायची कुऱ्हाड. "झाखार" असं माणसाचं नावही आहे त्याला, आपल्याकडे एखाद्या जुन्या ट्रकला सदाशिव म्हणावं तसं.

झिल-१३१ आल्यावर हा बंद का नाही केला?

१३१ साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आला. आठ सिलिंडर, १५० अश्वशक्ती, स्टेअरिंगला हायड्रॉलिक, पुढचा एक्सल आपोआप जोडला जाणारा. लष्कर तिकडे वळलं. पण जंगलखात्याला, भूगर्भ शोधणाऱ्या तुकड्यांना, सामुदायिक शेतांना एवढं नको होतं. त्यांना असा ट्रक हवा होता जो शेतावरचा मिस्त्री पान्यांच्या एका संचाने उघडेल, आणि ज्याचा पार्ट शेजारच्या मोडक्या ट्रकमधून निघेल. लष्करातून निवृत्त झालेले हजारो १५७ असेच खेड्यांत गेले.

मॉडेल करतोय. टायरच्या खालचा भाग घासून चपटा करावा का?

करा. कीटमधले टायर पूर्ण गोल येतात आणि त्यावर ट्रक खेळण्यासारखा उभा राहतो. खरं चाक मीटरभराहून थोडं जास्त उंच, म्हणजे या मापात तीन सेंटिमीटर. रस्त्यावरचा ट्रक दाखवायचा असेल तर खाली पाच-सहा मिलिमीटरचा सपाट पट्टा पुरे. चिखलातला दाखवायचा असेल तर पट्टा तिप्पट लांब करा आणि टायरची बगल बाहेरून पुट्टीने जराशी फुगवा, सहाही चाकांची सारखीच. आणि खाली मातीत चाकोऱ्या कोराल त्या दोनच कोरा. माझ्या पहिल्या मॉडेलला मी चार कोरल्या होत्या.